गिअरमध्ये लावलेली गाडी

माझे वडील आणि माझा भाऊ एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं, हे दोघांनाही धड सांगता आलं नसतं. अबोला मात्र नेमाने पाळला जायचा. "त्यांला सांग", "त्याला इचार", सगळं आईमार्फत. गाडी एकच, ती दोघंही चालवायचे.

उन्हाळ्यात भावाने वारंगा फाट्यावर गाडीला रिमोट स्टार्टर बसवून घेतला. माडीवरून बटण दाबायचं, खाली जाईपर्यंत गाडी एसीने थंड. चिपवाली चावी जवळ नसली की कंपनीचं इमोबिलायझर इंजिन चालू होऊ देत नाही, म्हणून मेकॅनिकने दुसरी चावी डॅशबोर्डच्या आत कायमची बांधून टाकली. क्लच न दाबताही गाडी सुरू व्हावी म्हणून तिथली वायर जोडली आणि बजावलं, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून लावायची. गिअरमध्ये लावाल तर उडी मारेल.

वडिलांचा हँडब्रेकवर काडीचा विश्वास नाही. उभा जन्म त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये लावली. आईने भावाचा निरोप पोचवला, तर म्हणाले, "काहून, त्याला तोंड न्हाई का? मला सांगायचं आसंल तर त्यानं यिऊन सांगावं." आणि त्या संध्याकाळी मुद्दाम, हो, मुद्दामच, गाडी गिअरमध्ये लावली.

मी माहेरी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गाडीपुढच्या भिंतीवर गोधडी वाळत घालत होती. माडीवरून भावाला ती दिसली नाही. त्याने बटण दाबलं, गाडीने उडी घेतली आणि आईचा पाय बंपर आणि भिंतीमध्ये चिरडला. हाड मोडल्याचा आवाज मी ओट्यावर ऐकला. वर त्या यंत्राची खोड अशी, की इंजिन सुरू झालं नाही तर आपणहून पुन्हा स्टार्टर मारायचा. दुसरा धक्का बसला. आई किंचाळली.

भाऊ धावत खाली आला तो आईकडे नाही, वडिलांकडे. त्यांची गचांडी धरून त्याने त्यांना पायरीवर आपटलं. डोकं फुटलं. त्यांनी फावड्याचा दांडा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. इतक्या महिन्यांनी बापलेक एकमेकांशी बोलत होते, तेही आईवरून शिव्या देत, आणि आई तिथेच अडकलेली.

गाडी लॉक होती. मी दगडाने काच फोडली, आत हात घालून दार उघडलं, क्लच दाबून गिअर काढला. माझा हात कोपरापर्यंत चिरला. शेजारच्या बाया धावून आल्या, तेव्हा गाडी मागे ढकलली गेली. त्या क्षणी त्या दोघांनाच गाडीखाली घालावंसं वाटलं. आजही वाटतं.

नांदेडला आईच्या पायात रॉड घातला. दोघे खाटेच्या दोन बाजूंना उभे, एकाच्या डोक्याला टाके, दुसऱ्याचा ओठ सुजलेला. भाऊ म्हणाला, "आई, त्यांला इचार, च्या घेतेत का."

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"पाय तर गेला," ती म्हणाली. "आता माझी जीब बी गेली समजा."