बाइंडरच्या घरचा निळा टोफू

बाइंडरचं लग्न उशिराच झालं. म्हणजे लोकांनी त्याच्या लग्नाचा विषय काढणं सोडून दिलं, त्यानंतर. दवाखान्यात रक्त तपासणारी एक बाई फाटका शब्दकोश शिवून घ्यायला त्याच्या दुकानात आली, मग आणखी एक पुस्तक घेऊन आली, आणि घरातली फाटकी पुस्तकं संपल्यावर दोघांनी लग्न करून टाकलं. तिच्याबरोबर तिची नऊ वर्षांची मुलगी आली आणि वडीलही आले. दुकानावरच्या दोन खोल्यांत इतकी वर्षं एक माणूस आणि एक पातेलं सुखाने नांदत होतं. आता तिथे चार ताटं लागू लागली.

काही महिन्यांनी बायकोची दवाखान्यातली ड्युटी बदलली आणि मुलीचा डबा आणि संध्याकाळचा स्वयंपाक बाइंडरकडे आला.

"त्यात काय, मला येतो की!" तो छाती काढून म्हणाला.

येत होता तो एकट्याचा स्वयंपाक. एकटा माणूस करपलेलंही मुकाट्याने खातो, कारण तक्रार करायची कुणाकडे? इथे मात्र दोन पक्के नावं ठेवणारे बसले होते. एक आजोबा, म्हणजे सासरे, निवृत्त शिक्षक. अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून डॉक्टरांनी त्यांना टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, खायला सांगितला होता. पहिला घास घेऊन त्यांनी चमचा खाली ठेवला.

"जावईबापू, हा ओला खडू आहे. जन्मभर खडूनं लिहिलं, आता तो खाऊही का?"

दुसरी ती मुलगी. ताटात भाताला भाजी लागली की भात बाद. प्रत्येक घास ती चमच्याने उलटा करून बघायची, हुंगायची, मग ठरवायची. सकाळी शाळेला निघताना दारात डबा उघडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय पायरी उतरायची नाही. बाइंडरने तिचं नाव ठेवलं तपासनीस. ती त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नसे. समोर येऊन उभी राही आणि थेट बोलायला लागे.

बाइंडरला एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. या पोरीने आपल्या हातचं मनापासून खावं. बाकी काका म्हणो न म्हणो.

मग त्याने डोकं लढवलं. टोफू वाटून टोमॅटोच्या सूपमध्ये घातला. भोपळा उकडून भातात कालवला. पालक कटलेटच्या पोटात दडवला आणि वरून जाड पावाचा चुरा लावला. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. ताटं चाटूनपुसून साफ होऊ लागली. आजोबांनी एकदा सूप दुसऱ्यांदा मागून घेतलं, तेव्हा तर बाइंडरला आभाळ ठेंगणं झालं. स्वारी भांडी घासताना गुणगुणू लागली.

एका संध्याकाळी तपासनीस पेन्सिलीला टोक करून कचरा टाकायला गेली आणि डब्यात डोकावली. टोफूची रिकामी पाकिटं, भोपळ्याची सालं, पालकाच्या काड्या. पितळ उघडं पडलं.

"कालच्या सूपमध्ये हे होतं?"

"होतं थोडंसं."

"मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नुसता टोमॅटो आहे."

बाइंडरने कचऱ्याच्या डब्यावर झाकण ठेवलं. आजोबांनी मात्र पोटाला हात लावून पाहिला. "म्हणजे इतके दिवस मी खडूच पीत होतो? आणि मेलो नाही?" ते हसले. मुलगी हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक नियम केला. ज्याला साल किंवा टरफल आहे, तेवढंच खायचं. केळं, उकडलेलं अंडं, शेंगा, संत्रं. सोलायचं तेही स्वतः. कुणाचा हात आत जाऊ शकणार नाही, एवढंच तिच्या पोटात जाई. बाइंडर भात वाढायला गेला की ती ताटावर हात आडवा धरी. तिने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

रविवारी सकाळी लसूण सोलताना बायकोने हळूच सांगितलं, "तिचा बाप 'दोन दिवसांत येतो' म्हणून गेला. बॅग भरताना ही विचारत होती, दोन दिवसांना एवढे कपडे कशाला? तो म्हणाला, असेच. तेव्हापासून ती सगळं उघडून बघते. तुला माहीत नव्हतं, तुझं काय चुकलं त्यात?"

पण चुकलं होतं, आणि बाइंडरला ते चांगलंच लागलं. त्याच्या उस्तादाची शिकवण होती, की जुन्या पानाला ठिगळ लावलं तर ते दिसलं पाहिजे. बाइंडर गिऱ्हाइकाचं बोट धरून दाखवायचा, इथे जोड दिलाय, हात लावून बघा. परक्यांशी इतका सरळ वागणारा माणूस घरातल्या पोरीला सूपमध्ये फसवत बसला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी शाळा सुटल्यावर तपासनीस नेहमीसारखी दुकानात अभ्यासाला बसली. बाइंडरने टोफूची दोन पाकिटं सरळ तिच्या वहीशेजारी ठेवली.

"आजोबांसाठी आहे. पाणी फार असतं यात, म्हणून गिळगिळीत लागतो. दाबून बघतो."

पुस्तकं दाबायची लोखंडी प्रेस होतीच. चाक फिरवलं की वरचा पाटा खाली येतो. त्याने हाताला लागलेल्या नव्या कापडात एक ठोकळा गुंडाळला, दोन फळ्यांमध्ये ठेवला आणि चाक आवळलं. पाणी निथळू लागलं. मुलगी वहीत बघत असल्यासारखं दाखवत होती. थोड्या वेळाने बाइंडरने कापड सोडलं आणि कपाळाला हात लावला. कापड होतं पुस्तकाच्या पाठीला लावायचं, निळंशार. रंग सुटून टोफू शाईत बुडवल्यासारखा झाला होता.

नेमके आजोबा जिना उतरून आले. "वा! आता रंगीत खडू!"

बाइंडरच्या मनात आलं, कडा कापल्या तर आतला पांढरा निघेल. परतून मसाला लावला की कोण बघतंय? हातात सुरी होतीच. मग त्याने मुलीकडे पाहिलं. ती वही मिटून त्याच्याकडेच बघत होती.

"रंग सुटला," तो म्हणाला. "चूक माझी. हे कुणीच खायचं नाही." आणि अख्खा ठोकळा त्याने कचऱ्यात टाकला.

तपासनीस उठली. वर गेली आणि स्वयंपाकघरातलं धुतलेलं पांढरं फडकं घेऊन आली.

"ह्यात गुंडाळा," ती म्हणाली. "चाक मी फिरवणार."

दुसरा ठोकळा घट्ट निघाला. तिने तो स्वतः कापला, तुकडे वेडेवाकडे झाले. बाइंडरने ते तिच्यासमोर कुरकुरीत परतले. गाजर, कोबी, मटार वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले, एकाला दुसऱ्याचा धक्का नाही. आजोबांचा वाटा चुरून मऊ केला. मुलीने एक तुकडा उलटा करून पाहिला, हुंगला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

"मीठ कमी आहे."

"आहे खरं," बाइंडर म्हणाला. तिने आणखी तीन तुकडे घेतले, आणि थोडा भातही.

त्यानंतर असंच चाललं. काही दिवस ती खायची, काही दिवस नाक मुरडून अंडं सोलायची. दुधी तिला कधीच आवडला नाही. बाइंडरनेही तो दडवला नाही. ताटात काय आहे ते रोज मोठ्याने सांगून वाढायचा. डब्याची तपासणी मात्र सुटली नाही.

एका सकाळी घाई झाली. बाइंडरने डबा भरून झाकण लावलं आणि पुढे केला. मुलीने तो तसाच दप्तरात टाकला आणि दोन पायऱ्या उतरली. त्याला वाटलं, विसरली पोर.

"अगं, डबा बघायचा राहिला!"

"बघायचं काय त्यात, काका?" ती मागे न बघता म्हणाली. "तुम्हीच भरलाय ना."

बाइंडर दारात उभाच राहिला. आत दूध उतू गेलं. आजोबांनी उठून गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि एरवी एवढ्यावरून दिवसभर टोमणे मारणारा तो माणूस जावयाला चकार शब्द बोलला नाही.