पार्टिशनपलीकडचे ढेकर

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडं भिंतीच्या जागी लाकडी पार्टिशन आहे, आणि कान माझे आहेत. पार्टिशनच्या पुढं डॉक्टरांचा दवाखाना. मागं मी, पाळणा आणि पाळण्यातली कुसुम. डॉक्टर म्हणजे आमच्या घरचे. नाव घ्यायचं नाही, 'अहो' म्हणावं तर बाहेरचे चार पेशंट 'ओ' देतात, म्हणून मीही डॉक्टरच म्हणते.

ऐकायचं नाही असं रोज ठरवते. पण गुलमंडीवर ताप-खोकला एक वेळ कमी येईल, ढेकर आणि छातीतली जळजळ मात्र बारमाही. आपलं शहर तिखट खातं आणि हात धुतले की आडवं होतं. त्यामुळं किस्से साठत जातात. आता तुम्ही विचारलंच आहे, तर ऐका. नावं सांगत नाही. ढेकर खरे आहेत.

*

पहिला मान वकीलसाहेबांचा. त्यांचा मुद्दा संपला की एक ढेकर, मुद्दा नसला की दोन. कोर्टात उर्दूतून बहस चाललेली आणि दर वाक्याला हा ठेका. एकदा मुन्सफसाहेबांनीच विचारलं म्हणे, की हेही लिहून घ्यायचं आहे का?

डॉक्टर त्यांना समोर बसवून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "दर ढेकराच्या आधी तुम्ही एक घोट गिळता. हवेचा. आत घालता तीच बाहेर काढता." वकीलसाहेबांना ते मंजूर नव्हतं. त्यांच्या मते वायू पोटातच तयार होत होता आणि त्यांच्याकडं त्याचे पुरावे होते. डॉक्टरांनी टेबलावरची पेन्सिल उचलून दिली. दातांत आडवी धरा. तोंड मिटलं नाही की हवा गिळणं अवघड, आणि गिळली नाही की ढेकर कुठला?

पुढच्या आठवड्यात वकीलसाहेब आले ते पडेल चेहऱ्यानं. समोरचा वकील बोलत होता तोवर पेन्सिल दातांत धरून बसलो, म्हणाले. ढेकर नाही.

"मग झालं की!"

"झालं कसलं, डॉक्टर? इतक्या वर्षांच्या वकिलीत समोरच्याचं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. त्याचं बरोबर आहे हो!"

*

आमचे मामंजी, म्हणजे डॉक्टरांचे वडील, संध्याकाळी शहागंजपर्यंत फिरायला जातात ते गोटीचा सोडा प्यायला. बाटली रिकामी झाली की एक खणखणीत ढेकर देतात आणि आसपासच्या लोकांकडं प्रकृती दाखवल्यासारखं बघतात.

डॉक्टरांनी समजावलं, की दादा, सोड्यात गॅसच भरलेला असतो. तो बाहेर पडतो, त्यात पोट साफ झाल्याची खूण काही नाही. उलट त्याच्याबरोबर आतलं आंबट वर येतं आणि मग रात्रभर तुम्ही उठून बसता. तो ढेकर सोड्याचा, तुमचा नव्हेच.

मामंजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पैसे मी दिले. ढेकर माझाच."

*

हे सगळं मी गंमत म्हणून ऐकत होते असं समजू नका. माझ्या मांडीवर माझी स्वतःची केस होती. कुसुम दूध प्यायची आणि निम्मं माझ्या पदरावर परत करायची. ढेकर काही निघायचा नाही. ज्या घरात पाहुण्यापासून मामंजींपर्यंत सगळे ढेकर देतात, तिथं मला हवा होता तो एकच ढेकर मिळत नव्हता.

पैठणला ही बातमी कशी पोचली कोण जाणे. मामंजींच्या थोरल्या बहिणीचा, आत्याबाईंचा, निरोप आला. आईचं दूध पोरीला बाधतंय, शेळीचं सुरू करा. मी येऊन बघते. आमच्याकडं आत्याबाईंचं 'बघते' म्हणजे हुकूमनामा. त्या येऊन बघणार आणि माझं दूध बंद होणार.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, सगळीच पोरं दूध काढतात, अंगाला लागतंय ना, मग झालं. आणि गेले दवाखान्यात. पेशंटला अर्धा तास, बायकोला एक वाक्य! मी त्यांचं इंग्रजी जाड पुस्तक काढून वाचलं. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीला रोगांची नावं कळतात, उपाय कळत नाहीत. संध्याकाळपर्यंत कुसुमला तीन रोग झाले होते आणि मला चार. डॉक्टरांनी पुस्तक कपाटावर ठेवलं. घरात स्टूल आहे हे ते विसरले होते.

शेवटी ठरवलं, की आपण पार्टिशनच्या अलीकडचे पेशंट व्हायचं. पलीकडं सांगतील त्यातलं कुसुमला लागू पडेल ते उचलायचं.

*

करीमभाईंचं हिमरू कापडाचं दुकान. माणूस भारी अदबीचा, दर दावतीनंतर छातीत आग. डॉक्टरांनी सांगितलं, की थोडं थोडं खा, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका, पायजम्याची नाडी सैल ठेवा. करीमभाईंची अडचण निराळी होती.

"कम खाऊंगा तो डकार नहीं आती, डॉक्टरसाब. और डकार नहीं आई तो मेजबान पूछता, क्या मियां, सालन में कुछ कमी रह गई?"

डॉक्टर म्हणाले, मग तोंडानं तारीफ करा. करीमभाईंना हे पसंत पडलं. पुढच्या जुम्म्याला ते पुन्हा छातीवर हात ठेवून दारात.

"तारीफ इत्ती कर दी, डॉक्टरसाब, की उन्ने पूरी देगचीच मेरे सामने रख दी."

मी मात्र थोडं थोडं हे उचललं. कुसुमला एकदम पोट फुटेस्तोवर पाजणं बंद केलं. कमी पाजायचं, पण जास्त वेळा.

*

काशीबाई आमच्या गल्लीतल्याच. झोपलं की घशाशी आंबट येतं, ही तक्रार. कुणाचंही दुखणं हसण्यावारी नेण्याआधी डॉक्टर जे विचारतात तेच त्यांनाही विचारलं. घास अडकतो का, वजन उतरलंय का, शौचाला काळी होते का, चढ चढताना छाती दाबते का? यातलं एक जरी 'व्हय' आलं तरी त्यांचा आवाज बदलतो आणि ते टांगा बोलावून पेशंटला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. काशीबाईंचं सगळं 'नाय' होतं. मग सोपा उपाय. जेवण लवकर, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, म्हणजे आंबट खालीच राहील.

त्यांच्या जावयानं त्याच दिवशी विटा लावल्या. काशीबाई चार दिवसांनी आल्या त्या भांडायलाच.

"तुमच्या विटांनी जळजळ नाकापर्यंत आली!"

डॉक्टर स्वतः बघायला गेले. जावयानं विटा खिडकीकडच्या बाजूला लावल्या होत्या आणि खिडकी उत्तरेला. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, हे तर आपल्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत. काशीबाई रोज धर्माप्रमाणे दक्षिणेला डोकं करून, पाय विटांवर उंच ठेवून झोपत होत्या.

मी हे ऐकलं आणि अंगणातून दोन विटा आणल्या. डॉक्टरांनी आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग पाळण्याकडं. "तिला सपाटच झोपव. पाजल्यावर थोडा वेळ खांद्यावर उभी धर. विटा नकोत, तुझा खांदा पुरे." बायकोला तीन वाक्यं! मी विटा मुकाट परत ठेवल्या.

तेव्हापासून मी कुसुमला खांद्यावर घेऊन, तिच्या पाठीवर थोपटत माजघरात फेऱ्या घालायला लागले. पदर पूर्वीपेक्षा कोरडा राहू लागला. दवाखान्याच्या काट्यावर तिचं वजनही वाढत होतं. तो काटा बरोबर आहे ना, म्हणून मी एकदा त्यावर शेरभर ज्वारी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. ढेकर मात्र नव्हता. माझीच थोपटण्याची रीत चुकते, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

*

आणि आत्याबाई आल्या. आल्या त्या संध्याकाळी भावाबरोबर शहागंजला 'देवदर्शनाला' गेल्या. रात्री त्यांचे ढेकरामागून ढेकर चालले होते. डॉक्टर म्हणाले, आत्या, सोडा बंद करा. आत्याबाईंनी कानावर हात ठेवले. "मी कुठं पिते बाबा? मला नाय बाई ढेकर-बिकर."

सकाळी दवाखाना भरलेला. वकीलसाहेब दातांत पेन्सिल धरून बसलेले, शेजारी करीमभाई, बाकावर काशीबाई. अलीकडं माझा निकाल चालू. आत्याबाईंचा आवाज गोदावरी ओलांडून जाईल असा. सूनबाई, दूध बाधतंय म्हणजे बाधतंय, शिकलेल्या बायकांचं दूध पातळच असतं, उद्यापासून शेळी बांधायची. मला स्वतःलाच अधूनमधून तसं वाटायचं. मी खाली मान घालून कुसुमला पाजलं.

"आण इकडं. कसं भसकन बाहेर पडतं, तुझ्या डोळ्यांनी बघ." त्यांनी कुसुमला खांद्यावर टाकलं आणि पार्टिशनला टेकून उभ्या राहिल्या. पाठीवर एक थाप मारली. दुसरी मारली.

असा ढेकर मी मामंजींचाही ऐकला नव्हता. पंगतीतून उठलेल्या चांगल्या दणकट माणसाचा असावा तसा.

"माशाल्ला," पलीकडून करीमभाई म्हणाले.

डॉक्टरांनी नाडीवरचा हात न काढताच आवाज दिला, "आत्या, सोडा बंद करा म्हटलं होतं ना!"

आत्याबाई लालबुंद झाल्या. पडदा बाजूला सारून, कुसुमला खांद्यावर घेऊन त्या तशाच भरल्या दवाखान्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मी नाय रे, ही! पोरीनं दिलाय! पोटभर पिऊन दिलाय. बघ, थेंब तरी आला का बाहेर? आईचं दूध लई मानवतंय तिला!"

वकीलसाहेबांनी दातांतली पेन्सिल काढली.

"डॉक्टर, लिहून घ्या. फिर्यादीनंच कबुली दिली."