हात खिशात

मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनेलचं दार उघडलं की आमच्या मॅडम आधी स्वतःचे दोन्ही हात निळ्या कोटाच्या खिशात घालायच्या आणि नुसत्या बघत उभ्या राहायच्या. शेजारी जो असेल त्यालाही तीच शिक्षा. "हात खिशात!" असा आवाज वाळूजच्या आमच्या शेडमध्ये घुमला की बाहेरून आलेला कॉन्ट्रॅक्टरसुद्धा मुकाट खिसे चाचपू लागे. एका बिचाऱ्याच्या पँटला खिसेच नव्हते, तर त्याला त्यांनी हाताची घडी घालायला लावली. पाठीमागे आम्ही त्यांना 'खिसेवाल्या मॅडम' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि, माझा अंदाज, आवडतही होतं.

मॅडम मेंटेनन्सच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. मुकुंदवाडीहून स्कूटीवर यायच्या, भर उन्हाळ्यातही तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळून. मशीनला केव्हा काय करायचं ते सांगणारा कंट्रोलर आमच्याकडे वर्षानुवर्षं एकाच कंपनीचा होता आणि त्याचं प्रोग्रॅमिंग त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. मग एक नवं प्रेस मशीन आलं, दुसऱ्याच कंपनीचा कंट्रोलर घेऊन. लॅपटॉपवर त्याचं सॉफ्टवेअर उघडलं तर एकही गोष्ट ओळखीच्या जागी सापडेना. मी वैतागून शिव्या घातल्या.

"सासर बदललंय बाबा," मॅडम म्हणाल्या, "माहेरच्या सवयी इथं चालायच्या नाय."

मला घाई होती मशीन चालवून दाखवायची. मॅडम मात्र भलत्याच ठिकाणी अडून बसल्या. हा कंट्रोलर स्टॉपवर टाकला की नेमकं काय करतो, हे त्यांना आधी हवं होतं. "माणूस चिडल्यावर कळतो अन् कंट्रोलर थांबल्यावर," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी मनात म्हटलं, थांबल्यावर काय करणार, थांबणार! तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन आला. उद्या कस्टमर मशीन बघायला येतोय, ट्रायल आत्ताच्या आत्ता सुरू करा. मॅडमचा प्रश्न तसाच राहिला आणि आम्ही मशीन चालू केलं.

मशीनवर रुक्मिणताई होत्या. त्यांचं काम खाचेत पितळी बुश, म्हणजे बोटाएवढी नळी, ठेवायचं. वरून हवेच्या जोरावर दट्ट्या येऊन तो दाबून बसवायचा. ट्रायल होती म्हणून हात आत जाऊ न देणारी पुढची जाळी अजून लावली नव्हती. सुरुवातीला छान चाललं आणि मग एक बुश तिरका बसला. दट्ट्या त्याच्यावर टेकून मध्येच अडकला. मॅडमचा हात सवयीने स्विचवर गेला आणि त्यांनी कंट्रोलर स्टॉपवर टाकला. जुन्या मशीनवर एवढं केलं की दट्ट्या आपोआप वर जायचा आणि अडकलेला बुश हाताने काढून घ्यायचा. आमच्याकडे सगळे तसंच करत.

"काढ गं," मॅडम म्हणाल्या. रुक्मिणताईंनी हात आत घातला.

"हात खिशात!"

मी तो आवाज पुष्कळदा ऐकला होता, पण असा फाटलेला कधीच नाही. रुक्मिणताईंनी झटक्यात हात मागे घेतला. साडीवरच्या एप्रनला खिसा नव्हताच, तो हात त्यांनी पोटाशी धरला. मी वर पाहिलं. दिवा स्टॉपचा, पण दट्ट्या तसूभरही वर गेलेला नव्हता. मॅडमनी कोपऱ्यातला झाडू घेतला, लांब उभं राहून त्याच्या दांड्याने बुश ढकलला. बुश निसटला आणि दट्ट्या धाडकन खाली आला. दांड्याचं टोक चेपून त्याचा भुसा झाला. हा कंट्रोलर थांबला तरी शेवटचा हुकूम सोडत नव्हता.

मॅडमनी आधी हवेच्या नळीचा कॉक बंद केला, मग त्याला कुलूप लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी हाय. रुक्मिण, तू काय नाय चुकलीस."

मॅनेजरसाहेब धावत आले. "मॅडम, उद्या कस्टमर येतोय!"

"येऊ द्या की. लई झालं तर चहा पाजू. स्टॉप केलं की हवा तुटली पायजे, तवर हे कुलूप निघायचं नाय."

कस्टमरला बंद मशीन बघावं लागलं. ते का बंद आहे हे मॅडमनीच त्याला सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. मॅनेजरसाहेबांचं मॅडमशी बोलणं त्या दिवसापासून कामापुरतंच उरलं. आम्ही दोघं पुन्हा पहिल्यापासून तो कंट्रोलर शिकलो. अडलं की मॅडम बिनदिक्कत मला विचारायच्या आणि मला काही येत नसलं की खूश व्हायच्या. रोज शिकायला बसताना रुक्मिणताईंना खुर्ची देऊन शेजारी बसवायच्या. "हिला कळलं तरच मला कळलं," म्हणायच्या.

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झालं, भाषणं झाली. रुक्मिणताई पेढा द्यायला पुढे आल्या, तेव्हा मॅडमनी पेढा राहू दिला आणि त्यांचा उजवा हातच धरला. तो उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट जरा दाबून पाहिलं, नवा पार्ट तपासावा तसं.

"जा आता," त्या म्हणाल्या, "शिफ्ट सुरू व्हईल."

परवा शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी कधीच न पाहिलेला, वेगळ्याच कंपनीचा कंट्रोलर दाखवायला मला नेलं. पॅनेलचं दार उघडलं, आणि तिथला इंजिनिअर उत्साहाने म्हणाला, "सर, चालू करून दाखवू?"

"आधी बंद करून दाखवा," मी म्हणालो. माझे हात केव्हाच खिशात गेले होते.