वटपौर्णिमेला ऐकलेला काकांचा आवाज

आधीच सांगते, मी हातखंब्याला शाळेत विज्ञान शिकवते. कोणी भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून चहा टाकायला जाते. वटपौर्णिमासुद्धा मी नवऱ्यासाठी नाही, काकूसाठी करते... तिला एकटीला वडापाशी पाठवणं जिवावर येतं म्हणून.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. भाट्याला राहते, मूलबाळ नाही. काका मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, बोट तेच हाकायचे. काही वर्षांपूर्वी वादळात बोट बुडाली. बाकीचे खलाशी कसेबसे किनाऱ्याला लागले, काका मात्र सापडलेच नाहीत. आम्ही सगळे काकूला समजावून थकलो. तिचं एकच उत्तर — "मेलेला बघितलाय काय कोणी?" मंगळसूत्र काढलं नाही, वडाची पूजा चुकवली नाही. बायका मागून कुजबुजायच्या, पण तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती. मला त्या मंगळसूत्राचं काही नव्हतं हो, पण जेवता जेवता ती दाराकडे बघायची, ते बघवत नसे. वाटायचं, हिने आता मान्य करावं.

यंदाही आम्ही दोघींनी वडाला सूत गुंडाळलं आणि भर दुपारी घरी आलो. घरी आल्यावर आधी नवऱ्याच्या पाया पडायचं, मग फळं खायची, ही काकूची पद्धत. काका नाहीत, तर ती त्यांच्या आरामखुर्चीपुढे वाकते. फणसाच्या पानावर आंबा, गरे, जांभळं असं वाण तिने खुर्चीवर ठेवलं आणि डोकं टेकलं. मी शेजारीच उभी होते.

आणि आवाज आला — "ऊठ गो, दोन गरे तोंडात टाक!"

काकांचाच. विडीने घोगरा झालेला, चेष्टेखोर. दरवर्षी ते हेच म्हणायचे. खुर्ची रिकामी... लाईट गेलेली, म्हणजे टीव्ही-बिव्ही बंद. मागच्या दाराला आतून कडी. तरी मी पडवी, न्हाणीघर, अगदी विहिरीपर्यंत फिरून आले. कोणी नव्हतं. अंगावर काटा आला होता, पण खरं सांगू? मला आनंदच झाला, काका परत आल्यासारखा. धावत आत येऊन ओरडले, "काकू, काका! काकांचा आवाज!"

काकू तशीच जमिनीवर बसली होती. दोन्ही हात मानेमागे नेऊन मंगळसूत्र काढत होती.

"अगं, काय करतेस?"

"जिता माणूस दारातून येतो गो. पाय धुवायला पाणी मागतो. असा येत नाय."

मी तिचे हात धरले. भास झाला म्हटलं, उन्हातून उपाशीपोटी आलोय म्हटलं...

"दोघींना एकच भास?" तिने विचारलं. मी तिचे हात सोडले.

इतकी वर्षं जे तिने मान्य करावं म्हणून आम्ही तिच्या मागे लागलो होतो, ते तिने माझ्यासमोर मान्य केलं, आणि मला रडू आवरेना. ती मात्र रडली नाही.

आता ती रोज संध्याकाळी फोन करते. इकडचं तिकडचं काही नाही, एवढंच विचारते — "तू पण ऐकलंस ना गो? खरं सांग."

नुसतं 'नाही' म्हटलं, तरी ती पुन्हा काकांची वाट बघायला लागेल, हे मला माहीत आहे. ते 'नाही' माझ्या ओठांपर्यंत येतं. पण मी ऐकलंय हो... मी विचारते, "जेवलीस का?" ती फोन ठेवते.