चुलीची लाज

कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या घरातल्या माणसांची अक्कल गेली. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालू होती म्हणे, म्हणून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा झाला. माझ्या भासऱ्यांनी, यजमानांच्या थोरल्या भावानं, तेल्हाऱ्याच्या वावरात ज्वारीचं एक ताटसुद्धा ठेवलं नाही, बांधापासून बांधापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली. मग अकोल्याला जुन्या शहरात घर घेतलं. माझे यजमान शेती बघायला मागे राहिले आणि जाऊबाईंच्या सोबतीला मला पाठवलं. सोबत कसली, हुकूम सोडायला घरचं माणूस हवं होतं.

जाऊबाईंनी आल्या आल्या आचारी ठेवला. तो बाजारातून पीठ आणायचा. ते कधी दळलेलं असायचं देव जाणे, भाकर तव्यावर पडली की चिरायची. मी माझं जातं गाडीत घालून आणलं होतं. मागच्या पडवीत माझ्यापुरतं दळून घ्यायची.

"काहून वं दळून राहिली?" जाऊबाई दारातून ओरडायच्या. "लोकं म्हनतीन, यांच्या घरी मानूस नाई ठेवत!"

"त्या पिठाले वास येते, बाई."

"तुलेच येते. आमाले तं नाई येत."

लेकीलाही त्यांनी चुलीजवळ फिरकू दिलं नाही. हात काळे होतात म्हणे.

अंजनगावहून मुलगी पाहायला मंडळी आली तेव्हा आचाऱ्यानं पुरणपोळी केली. मुलाची आई जेवता जेवता म्हणाली, "पुरन मऊ झालं. कट काढून ठेवला असंन ना आमटीले?"

"कट?" जाऊबाईंनी पदर सावरला. "कट म्हंजे काय वो? मले बाई त्यातलं काईच समजत नाई."

मी पोळ्यांवर तूप वाढत होते. डाळ शिजल्यावर वरचं पाणी निथळतात, तो कट. ही बाई सणाला घागरभर कटाची आमटी करत होती, तीही गेल्या शिमग्यापर्यंत.

पाहुणीला वाटलं, आपण कमी पडलो. "मले तरी कुठं येते!" ती म्हणाली. "आमची चूल कोन्त्या कोपऱ्यात हाय, तेबी मी नाई पायलं." दोघींच्या तळहातांवर जात्याच्या खुंट्यानं पडलेले घट्टे होते. दोघी ते मुठीत झाकून बसल्या होत्या. मुलीला काही रांधता येत नाही, हे जाऊबाईंनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि लग्न ठरलं.

कापसाचा भाव उतरला तशी अंजनगावच्यांनी ठेवलेली आचारीण गेली, आमचा आचारीही गेला. चूल न पाहिलेल्या त्या सासूनं सुनेला परातीपुढे बसवलं आणि भाकर मोडली की आईचा उद्धार करायला लागली. पोर माहेरी आली ती थेट माझ्याकडे. "काकू, मले भाकर शिकव."

मी ताजं पीठ दळलं, कढत पाणी घातलं, तिला मळायला लावलं. गोळा थापायला घेतला की तो तिच्या हातात तुटायचा. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"बोटानं नाई, तळहातानं रगड! चिकनं झाल्याबिगर उचलू नोको. सरक तिकडं."

त्या बसल्या. पीठ रगडलं, गोळा फिरवत फिरवत थापला, तव्यावर टाकून पाणी फिरवलं. विस्तवाला लावताच भाकर टम्म फुगली. माझी कधी तशी फुगली नव्हती.

पोर आईकडे बघतच राहिली. "तुले येत होतं? मंग मले काहून नाई शिकवलं?"

जाऊबाईंनी दुसरा गोळा घेतला. मला त्यांची कीव आली नाही. त्यांना भाकर येतच नसती तर मी माफ केलं असतं.