साहेब फॉरेनले, फोन कपाटात

मोहाखाली सकाळी फुलं पडून असते, कोणी झाड हालवाले जात नाई. गेटवरचे किस्से तसेच. मी काही जमवाले गेलो नाई. खुर्चीवर बसून राह्यलो अन् ते समोर येऊन पडले. बायको होती तवा रोज संध्याकाळी एखादा सांगून मोकळा होत होतो. ती अर्ध्यातच म्हणे, "समजलं, आता जेवा!" ती गेली तवापासून सांगाले कोणी नाई, म्हणून साचले. आता तुम्ही बसलेच आहात तर आयका. चौथी शिकलो, भाषा अशीच आहे. पटत नसन तर उठून जा.

आमची कंपनी चंद्रपूरच्या बाहेर, मूल गावाच्या रस्त्यावर. खाणीतल्या मोठ्या मशीनी दुरुस्त करते, त्याईचे नकाशे बनवते. नकाशे सगळे लॅपटॉपात. म्हणून वरून नियम आला का साहेब लोक देशाबाहेर गेले तर कंपनीचा लॅपटॉप अन् कंपनीचा फोन इथीच ठेवून जातीन. तिकडं नेला का कोणी आतलं पाहून घेते म्हणे. खरं-खोटं त्याईले माहीत.

ठेवाचं कुठी? आयटीची खोली संध्याकाळी बंद होते, अन् नागपूरच्या विमानाले निघणारा माणूस कोणत्याही येळी निघते. म्हणून एक लोखंडी कपाट माह्या केबिनमधी आणून ठेवलं अन् चाबी माह्या कंबरेले. पहिले गेटवर आम्ही तिघं होतो. कॅमेरे लागले अन् दोघाईले काढलं. आता मी, कपाट अन् कॅमेरा. तिघाईत बोलणारा मी एकटाच!

*

अकाउंटचे सोनटक्के साहेब बायकोसंगं नेपाळले देवदर्शनाले चालले. लॅपटॉप खांद्यावर.

"साहेब, लॅपटॉप ठेवा."

"अरे मारोती, नेपाळ काय फॉरेन आहे का? पासपोर्टपण लागत नाही!"

"नियमात देशाबाहेर लिवलं आहे."

"पशुपतिनाथ आपलाच देव आहे ना?"

"देव आपला आहे साहेब. लॅपटॉप कंपनीचा आहे."

गाडीत बसलेल्या बाई अशा हासल्या का साहेबानं लॅपटॉप आपटूनच ठेवला. परत आल्यावर साऱ्या ऑफिसात प्रसाद वाटला. गेट सोडून!

*

आमचा पोचम मेकॅनिक सिरोंच्याकडचा. त्याची सासुरवाडी नदीच्या पल्याड, तेलंगणात. एक दिवस सुट्टीवर जाताना कंपनीचा फोन हातात घेऊन कपाटापाशी उभा.

"काय रे?"

"भाऊ, पुलावरून गेलं का फोनमधी तेलुगू मेसेज येते. फॉरेन झालं ना मंग?"

"अबे, तो आपलाच देश आहे."

"मालूम आहे भाऊ. पण जमा करून घ्या ना. फोन संगं असला का सुपरवायझर सासुरवाडीतबी जेवू देत नाई."

घेतला ठेवून. नियमात बसत नाई, पण मलेबी सुपरवायझर आवडत नाई. पोचम येवोस्तोर सुपरवायझर कपाटात बोंबलत होता. भांड्यात उंदीर पडल्यावानी आवाज!

*

डोंगरे साहेबानं तापाची सुट्टी टाकली. म्हणे सिंदेवाहीले घरी पडून आहो. आयटीमधी सायली म्हणून पुण्याची एक पोट्टी आहे, मले काका म्हणते, पण कामाशिवाय बोलत नाई. ती पळत गेटवर आली.

"काका, डोंगरे सर कुठे आहेत?"

"सिंदेवाहीले. ताप आहे त्याईले."

"त्यांचा लॅपटॉप आत्ता बँकॉकमध्ये चालू झालाय!"

"मंग ताप लॅपटॉपले असन. हवा बदलाले गेला असन."

पोट्टी कपाटाले धरून हासली. माह्या केबिनमधी कोणी हासल्याले किती दिवस झाले होते, मलेच आवाज नवा वाटला.

साहेब आले ते वांग्यासारखे काळे होऊन. मी गेट उघडलं अन् म्हटलं, "साहेब, यंदा सिंदेवाहीत ऊन भल्लं कडक पडलं वाटते!" दुपारी त्याईले वरून चिठ्ठी आली. माह्याकडं कायले पाहाचं? मी थोडीच पाठवली!

*

नियमात होतं का फोन बंद करून ठेवाचा. पण साहेब लोकाईचे बँकेतले नंबर त्याच फोनवर येते. म्हणून चालूच ठेवून जाये, वरून मले म्हणे, "जरा चार्जिंगले लावत जा." मंग तिकडून दुसऱ्या फोनवरून गेटच्या फोनवर ओरडे, "मारोती, नंबर आला का? वाच!" मी वाचे, साऱ्या रस्त्याले आयकू जाईन असा. आतलं कोणी पाहू नये म्हणून कपाट, अन् कपाटातलं मी चौकात वाचून दाखवून राह्यलो. सायलीले म्हटलं, "हे बरोबर आहे का?" ती म्हणते, "काका, मी काही ऐकलं नाही."

शिकल्या लोकाईचं हे बरं असते. कान आपल्या मर्जीनं बंद करता येते.

*

एकदा कंपनीनं चालण्याची स्पर्धा ठेवली. फोन खिशात ठेवला का तो पावलं मोजते, जास्त चालला त्याले बक्षीस. राऊत साहेब नेमके दुबईले चालले. फोन जमा करताना आवाज बारीक करून म्हणते, "मारोतीभाऊ, राउंड मारता ना तुम्ही? मंग हा जरा खिशात राहू द्या."

आमचं कुंपण भल्लं लांब. मागून जंगल लागून आहे, रानडुकरं घुसते, म्हणून दिवसभर फेरे मारा लागते. मारले फेरे. खोटं कायले बोलू, ते दिवस बरे गेले. आपण चालून राह्यलो अन् कोणी तरी मोजून राह्यलं, एवढंबी सोबतीवानी वाटते.

राऊत साहेब पहिले आले. पाण्याची बाटली भेटली. स्टेजवरून भाषण देलं, "फक्त इच्छाशक्ती पाहिजे!" सारे टाळ्या वाजवून राह्यले. मी गेटवर तेल चोळत बसलो होतो. गुडघे माहे, इच्छाशक्ती त्याची!

*

मशीन बसवाले एक गोरा इंजिनियर आला होता. संध्याकाळी गाडीची वाट पाहत माह्या केबिनमधी बसे. त्याच्या फोनात काहीच नव्हतं, ना फोटो, ना गाणं. सायलीले इचारलं तर म्हणते, "त्यांच्या कंपनीतही आपल्यासारखाच नियम आहे. नेहमीचा फोन तिकडे ठेवून घेतात आणि परदेशी जाताना कोरा फोन देतात."

"परदेशी म्हणजे कुठी?"

"इथे, काका. आपल्याकडे."

बाप्पा! जन्म चंद्रपुरात गेला, अन् आपण परदेशात राहून राह्यलो ते मले मालूमच नव्हतं!

त्या गोऱ्याले पोरगी होती. हातानं उंची दाखवे, फोन काढे, अन् कोरा फोन पाहून परत खिशात टाके. एक दिवस त्यानं माहा पेन घेतला अन् कागदावर तिचं चित्र काढलं. डोकं भोपळ्याएवढं, दोन वेण्या, तोंडात एकच दात. मी म्हटलं, "छान आहे." मंग मीबी माही पोरगी काढली. माही नाशकाले देली आहे, दिवाळीले येतो म्हणते.

दोन्ही कागद बाजूबाजूले ठेवले. दोघाईच्या पोरी सारख्याच दिसत होत्या!

*

आता शेवटचा.

मडावी साहेब म्हणजे पोट्टाच, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा. बाप नाई, एकटी माय. कंपनीनं त्याले शिकाले जर्मनीले पाठवलं, पावसाळाभर. फोन जमा करताना तोंड उतरलेलं.

"काय झालं साहेब?"

"माय जेवत नाई भाऊ. पाय धरून रडली. म्हणते, चंद्रपूरच्या पुढं जाऊ नको. अन् मी जर्मनीले चाललो!"

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर आलो अन् कपाटात त्याचा फोन वाजला. वर लिवलं होतं, आई. दुसऱ्याचा फोन उचलाचा नाई, हा नियम. नाई उचलला. रोज सकाळी वाजे, पुरा वाजून बंद होये. माह्या खिशातला फोन कवाच वाजत नाई. वाजला तर लोन पाहिजे का म्हणून बाई बोलते, तेबी मशीन. एक दिवस मी कपाट उघडून उचलला.

"बाबू?"

"बाबू नाई, बाई. गेटवरचा मारोती. बाबू फॉरेनले आहे."

"मालूम आहे मले. मीच एसटीत बसवून देलं."

"मंग काऊन लावता?"

"दोनचं बटन दाबून धरलं का बाबूले लागते. आठ दिवसातून एकदा तो शेजारच्याच्या फोनवर बोलते. बाकीच्या दिवशी मी काय करू?"

"पण हा तर कपाटात वाजते."

"वाजते तर ना! मंग कपाट उघडं ठेवत जा. कोंडून जाईन."

तवापासून रोज. बकरीनं शेजारणीचं लुगडं खाल्लं. वास्ते निघाले, बांबूचे कोवळे कोंब, त्याची भाजी केली, बाबूले आवडते, पण खाणारा कुठी आहे. मले इचारे, "काय जेवले?"

"डबा."

"कोणी बनवला?"

"मीच."

"मंग जेवले नाई म्हणा!"

मी तिले गेटवरचे सारे किस्से सांगतले. ती मधात तोडत नाई. थांबलो का म्हणते, "मंग?" नेपाळवाला तर तिनं दोनदा सांगाले लावला. एक दिवस सायली म्हणाली, "काका, कॅमेऱ्यात दिसतं, तुम्ही रोज सकाळी कोणाशी बोलता?"

"कपाटाशी."

ती मान हालवून आयटीच्या खोलीकडं गेली. मी म्हटलं ना, कान मर्जीनं बंद करता येते.

मी ड्युटीच्या पहिलेच गेटवर येऊ लागलो. शर्टाले इस्त्री करू लागलो. फोनवर इस्त्री दिसते का? पण करू लागलो.

मंग पाऊस ओसरला. मडावी साहेबाची येण्याची तारीख पक्की झाली. त्या सकाळी बाई म्हणाली, "बाबू येऊन राह्यला."

"हाव. चांगलं झालं."

"फोन त्याच्याकडं जाईन ना आता?"

"नियमच आहे बाई."

"हाव. ज्याचा फोन त्याले द्याच लागते."

माहा नंबर देता आला असता. पण कोणत्या तोंडानं देऊ? ती लेकाचा फोन म्हणून बोले. गेटवाल्याले फोन लावाचं तिले काय काम? तिनंबी नाई मागितला. कोणत्या नात्यानं मागन? मंग ती म्हणाली, "डबा खात जा येळेवर." अन् ठेवला.

साहेब आले. विमानतळावरून सीधे गावाले, मायपाशी दोन दिवस राहून मंग कंपनीत. मले चॉकलेट देलं, कडू होतं. फोन देला, सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटात काहीच वाजलं नाई. आत काही नव्हतंच, वाजन काय! तरी मी दार उघडं ठेवून बसलो.

दुपारी साहेब स्वतः चालत गेटवर आला. डोकं खाजवत उभा.

"मारोतीभाऊ, तुम्ही रोज मायसंगं फोनवर बोलत होते म्हणे. काय सांगतलं तिले?"

"काऊन? काय झालं?"

"आज सकाळी तिचा फोन आला. म्हणते, पोचला का? म्हटलं हाव. जेवला का? हाव. मंग उगी राह्यली. मले वाटलं कट झाला. मंग हळूच इचारते..."

"काय?"

"'बाबू, आता परत केव्हा जाशीन फॉरेनले?'"