राज्याभिषेकाच्या दिवशीचा फोन

शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद इथे आखातात आमच्यात होत नाही. हॉल मिळेल त्या रविवारी ती होते. त्या वर्षी रमजान लवकर येणार होता, म्हणजे महिनाभर ढोल-ताशे विसरायचे, म्हणून आम्ही ऊद मेथा भागातला हॉल चांगला दोन आठवडे आधीच्या रविवारी धरला होता. मी मंडळाचा सेक्रेटरी. निवेदनही मीच करायचो, कारण माइक दुसऱ्याच्या हातात गेलेला मला बघवत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. पुढे जे झालं ते याच खोडीतून झालं.

आमच्यासारख्यांना तो एक दिवस फार लागतो. इथल्या राष्ट्रीय दिनाला आमची पोरं गळ्यात चार रंगांचे मफलर घालून शाळेत अरबी गाणी म्हणतात, आम्ही गाडीला झेंडा लावतो, आणि त्यात काही खोटं नसतं. अठरा वर्षं ज्या जागेने पोसलं तिच्याबद्दल माया असतेच. पण तो सण त्यांचा, आपण पाहुणे. ऑफिसात मला निम्मे लोक नावाने ओळखतही नाहीत, ‘इंडिया डेस्क’ म्हणतात. शिवजयंतीला मात्र मी ‘उभे राहा’ म्हटलं की चारशे माणसं उभी राहतात.

आमचे महाराज म्हणजे माझा मित्र. एके काळी शारजाच्या रोल्लात एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, तेव्हापासूनचा. आता तो बायको-मुलीसह अजमानला राहत होता, एका कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन होता. राज्याभिषेकाच्या प्रवेशात सात वर्षं महाराज तोच व्हायचा. नाक सरळ, आणि दाढी खरी, नोव्हेंबरपासून राखलेली. साइटवरचा त्याचा इजिप्शियन फोरमन विचारायचा, “हबीबी, शादी है क्या?” आणि हा नुसता हसायचा. महिनाभर आधी कोणी न सांगता तो मटण-मासे सोडायचा. जिरेटोप चढला की मोठ्याने बोलायचा नाही. लहान मुलं त्याच्या पाया पडायची. आम्हीही गमतीत वाकायचो, पण वाकल्यावर गंमत राहायची नाही.

आमच्या मंडळाचा एक नियम होता. एका वर्षी ऐन राज्याभिषेकात कुणा सरदाराच्या कमरेला फोन वाजला आणि सगळा दरबार हसत सुटला. तेव्हापासून कलाकारांचे फोन कार्यक्रम संपेपर्यंत एका कापडी पिशवीत, आणि पिशवी माझ्याकडे. त्या दुपारी त्याचा आणि त्याच्या बायकोचा, दोघांचेही फोन मीच गोळा केले. ती लेझीमच्या पथकात होती. फोन देताना तो म्हणाला, “बाबांची तब्येत नरम आहे. घरून फोन आला तर उचल आणि मला सांग. खेळ चालू असला तरी सांग.”

“सांगतो रे. जा, टोप घाल,” मी म्हणालो.

कार्यक्रम चारचा. पावणेचारला पिशवीत फोन थरथरला. त्याच्या धाकट्या भावाचा होता, कराडजवळच्या गावाहून. भाऊ म्हणाला, बाबा गेले. मग म्हणाला, दादाला सांगा, आज संध्याकाळच्या विमानाने निघाला तर सकाळी पोचेल. उद्या नऊपर्यंत आम्ही थांबतो, त्यापुढे गावात ठेवता येणार नाही. अग्नी त्यानेच द्यायचा आहे. मी म्हणालो, “हो, हो, आत्ताच सांगतो.”

मला हिशेब कळत होता. पासपोर्ट अजमानला कपाटात. इथून अजमान तासभर, तिथून शारजाचं विमानतळ जवळच, आणि आठचं विमान. तो त्या क्षणी निघाला असता तर निवांत पोचला असता. मी हातात फोन घेऊन रंगपटाच्या दारापर्यंत गेलोही होतो. आत तो आरशासमोर बसला होता, आणि कोणीतरी त्याच्या कपाळावर शिवगंध रेखत होतं. बाहेर हॉल भरला होता. त्या वर्षी पहिल्यांदा एक मोठे अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते, ज्यांच्यासाठी मी चार महिने मेल टाकत होतो. राज्याभिषेक काढला तर कार्यक्रमात उरतं काय? मी मनाशी म्हटलं, प्रवेश अर्ध्या तासाचा. तोच आधी घेऊ, साडेचारला संपेल, मग सांगू. तरी विमान मिळतं.

मी दारातून परत फिरलो.

पाहुणे चारला आले नाहीत. सव्वाचारला त्यांच्या ड्रायव्हरला पार्किंग मिळेना. पाहुण्यांशिवाय राज्याभिषेक करायचा नाही, असं अध्यक्ष म्हणाले, आणि मी मान डोलावली. मधल्या वेळात छोट्यांचा पोवाडा घेतला. एक मावळा घाबरून विंगेत माझ्यापाशी आला, “काका, आय फरगॉट माय लाइन.” मी त्याला ओळ सांगितली. पिशवी माझ्या खांद्याला होती आणि तिच्यात फोन पुन्हा पुन्हा थरथरत होता. साडेचारला अजून सांगता आलं असतं. पावणेपाचलाही. दर वेळी मी घड्याळ बघायचो आणि ठरवायचो की अजून दहा मिनिटं आहेत. ती दहा मिनिटं माझ्या बापाची नव्हती, म्हणून मला ठरवता येत होतं.

पाच वाजता पाहुणे आले. आधी इथलं राष्ट्रगीत झालं, मग आपलं. मग तुतारी वाजली आणि तो आला. त्या दिवसाइतका चांगला तो कधीच उभा राहिला नव्हता, हे मी खोटं सांगत नाही. सिंहासनावर बसण्याआधी तो जिजाऊंच्या पायावर डोकं ठेवतो, तिथे पुढच्या रांगेतली एक म्हातारी रडू लागली. आणि मी विंगेत उभा राहून, ज्याचा बाप दोन तासांपूर्वी गेलाय त्या माणसाकडे बघून, मनात म्हणत होतो की कार्यक्रम जमला.

सहाला पाच कमी असताना मी त्याला आत नेऊन सांगितलं. “आत्ताच फोन आला,” असं सांगितलं.

त्याने टोप काढून टेबलावर ठेवला, पिशवीतून दोघांचे फोन घेतले, बायको-मुलीला हाक मारली आणि तोंडावरचा रंग न पुसता तिघं पळत सुटले. अजमानच्या रस्त्यावर रविवारचा ट्रॅफिक होता. शारजाला काउंटर बंद झाल्यावर पोचले. पुढचं विमान सकाळचं मिळालं. तो गावी पोचला तेव्हा अंधार पडला होता. नऊऐवजी अकरापर्यंत वाट बघून भावानेच अग्नी दिला होता.

एवढंच असतं तर मी ते पोटात घालून जगलो असतो. तेवढा निगरगट्ट मी आहे. पण तिकडे हॉलमध्ये पाहुण्यांसोबत फोटो काढायचा होता आणि महाराज गायब. अध्यक्ष विचारू लागले, लोक कुजबुजू लागले. सांगायला उशीर का केला हे उद्या कुणीतरी विचारणार, हे मला दिसायला लागलं. मी माइक घेतला. म्हणालो, आपल्या महाराजांचे वडील आज दुपारी गेले. बातमी कळूनही त्यांनी दुःख बाजूला ठेवलं आणि आधी महाराजांची सेवा केली. अशी माणसं आहेत म्हणून परक्या मुलखात आपला महाराष्ट्र उभा आहे.

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. घोषणा झाल्या. पाहुण्यांनी भाषणात त्याचाच उल्लेख केला. कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं, आणि रात्री ते मंडळाच्या ग्रुपवर होतं. दुसऱ्या दिवशी कराडात होतं.

तेराव्यानंतर तो परत आला आणि एका शनिवारी सकाळी माझ्या घरी आला. डोक्याचे आणि दाढीचे केस गेले होते, चेहरा लहान झाला होता. माझी बायको चहा ठेवायला उठली, तर नको म्हणाला.

“तीन बेचाळीसला फोन उचललास तू,” तो म्हणाला. “फोनमध्ये दिसतंय. दोन मिनिटं बोललास.”

मी बायकोला आत जायला खुणावलं.

“भांडायला नाही आलो. ते खलास झालं. पण घरात सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितला. त्यांना वाटतं मला माहीत होतं. बाप मेला माहीत असून मी नाटक करत बसलो. तेरा दिवस एका घरात होतो, भाऊ एक शब्द बोलला नाही. आई पान वाढायची आणि आत जायची. मुलगी विचारते, ‘व्हाय इज काका अँग्री विथ अस?’ काय सांगू तिला?” मग त्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला. “मी सांगून ऐकत नाही तो. तू सांग.”

मी स्पीकर लावून फोन केला. भावाने उचलला. मी नाव सांगितलं आणि न थांबता सगळं बोललो. त्याला माहीत नव्हतं, मी सांगितलं नाही, कार्यक्रमासाठी दडवून ठेवलं, मग माइकवर खोटं बोललो, चूक सगळी माझी. मित्र समोर खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. अठरा वर्षांत इतकं खरं मी कुणाशीच बोललो नव्हतो.



“तुम्ही त्याचे मित्र आहात,” भाऊ म्हणाला. “त्याच्यासाठी म्हणताय.”

“नाही हो. आईची शप्पथ.”

“व्हिडिओत माइकवर बोलताय ते तुम्हीच ना?”

“हो.”

“तिथे बोलताना तुम्ही रडत होता,” तो म्हणाला. “आता नाही रडत.” आणि त्याने फोन ठेवला.